दुर्बीणबाईंनी पसंत केलेलं घर

घर घ्यायचं मनात आलं की तिच्या सासरचं प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे यायचं. बँकेत नंतर, वकिलाकडे त्याहून नंतर. दिराने तिचं नाव दुर्बीण ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की शेजारच्या बायकाही तिला तोंडावर दुर्बीणबाई म्हणायला लागल्या. ती कधी रागावली नाही. उलट आतून तिला ते आवडायचं. दुसरी कुठली पदवी तिला मिळालेली नव्हती आणि या वयात मिळण्याची लक्षणंही नव्हती.

हे नाव पडलं ते नणंदेच्या घराच्या वेळी. नणंद आणि तिचा नवरा एका नव्या इमारतीतल्या घरावर लट्टू झाले होते, आणि हिला आपलं कौतुक करायला बरोबर नेलं होतं. कौतुक राहिलं बाजूला, हिने स्वयंपाकघरातल्या कपाटामागे हात घातला आणि भिंतीला तळवा लावून उभी राहिली. मग घरातले सगळे नळ एकदम सोडायला लावले. न्हाणीघरातली धार करंगळीएवढी झाली. मग पिशवीतून काचेची गोटी काढून तिने बाहेरच्या खोलीच्या मधोमध ठेवली. गोटी जरा वेळ विचार करत थांबली आणि मग निघाली ती थेट कोपऱ्यात.

"फरशी खचलीय," ती म्हणाली. "आणि त्याच कोपऱ्यात वर बघा. तेवढा एक चौकोन नव्या रंगाचा आहे, बाकी छत जुनं."

दलालाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. बरोबर आलेला दीर म्हणाला, "वहिनी, डोळ्यांत दुर्बीण बसवून घेतलीय की काय?" झालं, तेव्हापासून दुर्बीण.

त्या वेळी तिला खरंच दिसत होतं. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तिचा नवरा पडदे शिवायचा. एका फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात त्याचं मशीन होतं. तिथे खिडकी नावाची गोष्ट नव्हती. डोक्यावर एक ट्यूब सकाळी लागायची ती दुकान बंद होताना विझायची. राहायची भाड्याची खोली इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर. तिला एक खिडकी होती, पण ती उघडायची बोळात, आणि बोळात दुपारीसुद्धा संध्याकाळच असायची. म्हणजे हा माणूस एका अंधारातून निघून दुसऱ्या अंधारात झोपायला यायचा. मधल्या वेळात लोकांच्या घरी मापं घ्यायला जायचा, तेवढ्या त्याला खिडक्या भेटायच्या. रात्री जेवताना त्यांचीच वर्णनं. आजची पूर्वेची होती, आजची कोपऱ्यावरची होती, आजच्या खिडकीत बसायला ओटा होता. दुसऱ्याच्या मुलीचं स्थळ सांगावं तसा रंगून सांगायचा.

"मला घरात काही म्हणजे काही नको," तो म्हणायचा. "एक खिडकी हवी. तिच्याशी मशीन लावीन आणि दिवसाढवळ्या दिवा न लावता शिवीन. मग डोळे मिटले तरी चालतील."

"डोळे मिटल्यावर शिवणार कसं?" ती विचारायची, आणि दोघं हसायची.

पण खिडकी दिसली की या माणसाचं भान सुटायचं, आणि तीच त्याची खोड होती. एकदा खिडकीसमोर झाड आहे म्हणून त्याने तिथल्या तिथे इसाराची रक्कम देऊन टाकली. नंतर कळलं, झाडाखालून उघडं गटार जातं आणि घरमालक स्वतः तिथे नाक धरून राहायचा. दुसऱ्यांदा खिडकी पुन्हा सुरेख, पण घरावर दोन भावांचा दावा, आणि त्यातला एकच भाऊ याला भेटलेला. दोन्ही वेळा पैसे बुडाले. दुसऱ्या वेळी तो दोन दिवस जेवला नाही, आणि मग त्याने शपथ घेतली. यापुढे घर बघायला जायचं ते हिने. तो खाली रस्त्यावर उभा राहणार. ही हो म्हणेपर्यंत जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढणार नाही. लोक हसले. पण नवराबायकोने ते पाळलं. ती वर जायची आणि तो खाली चहाच्या टपरीवर तिची छत्री धरून बसायचा.

आणि याच काळात तिची नजर जायला लागली.

सुरुवात कडेने झाली. ताटाशेजारचा पेला दिसायचा नाही आणि हात लागून कलंडायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. समोरचं नीट दिसायचं, पण एखाद्या नळीतून बघावं तसं. एक दिवस नणंदेकडे जाते असं सांगून ती एकटी डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे, बराच पुढे गेलाय.

"गेलेली नजर परत येत नाही हो," त्या म्हणाल्या. "उरलीय ती राखायचा प्रयत्न करू. घरी कोण कोण असतं?"

"नवरा असतो," ती म्हणाली.

"त्यांना घेऊन या पुढच्या वेळी."

ती त्याला घेऊन गेली नाही. थेंबांची बाटली तिने डाळीच्या डब्यामागे ठेवली आणि तो कामाला गेला की घालायला लागली. सांगितलं का नाही, याची तिच्याकडे दोन कारणं होती. एक ती स्वतःलाही सांगायची: कळलं तर हा घराचं नाव टाकेल, साठवलेलं सगळं डॉक्टरांच्या दारात ओतेल, आणि नजर तर परत यायची नाहीच. हे खरंच होतं. दुसरं कारण ती स्वतःला फारसं सांगायची नाही. आंधळ्या बाईला कोण दुर्बीण म्हणेल? कोण तिचा हात धरून म्हणेल, वहिनी, तुम्ही एकदा बघून घ्या, मग आम्ही सही करू?

त्या अंधाऱ्या खोलीत तिचं गुपित सुखात राहिलं. तिथे तिला डोळ्यांची गरजच पडत नव्हती. दारापासून ओटा, ओट्याच्या उजवीकडे मोरी, ओट्यावर डावीकडे मिठाची बरणी, सगळं हाताला पाठ. दिवा गेला की नवरा धडपडायचा आणि ही सरळ जाऊन मेणबत्ती आणायची. तो कौतुकाने म्हणायचा, "मांजराचे डोळे आहेत हिचे." ती काडी पेटवून द्यायची.

घरं बघणं मात्र थांबलं नाही. ते थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मग ती कानांनी, नाकाने आणि तळहातांनी घरं बघायला लागली, आणि गंमत अशी की ती पूर्वीपेक्षा जास्त बघायला लागली. पूर्वी गोटी कुठे जाते ते पाहायची, आता ऐकायची. बंद कपाट उघडून नुसता श्वास घ्यायची आणि सांगायची की मागच्या पावसाळ्यात इथे पाणी झिरपलंय. फरशीवर टाच आपटून खाली पोकळ कुठे आहे ते दाखवायची. स्वयंपाकघरात सगळ्यांना गप्प उभं करायची आणि भिंतीपलीकडचं ऐकायची. एकदा म्हणाली, "शेजारी दिवसभर भांडतात." मालक म्हणाला, "आत्ता तर कोणी बोलतसुद्धा नाहीय." ती म्हणाली, "भांडी आपटतायत. भांडण संपल्यावरची आपटतायत." दीर ही गोष्ट जिथे तिथे सांगायचा. तिचा लौकिक वाढत गेला, आणि नजर कमी होत गेली. शेवटी समोरचंही धुरकटलं. उजेड आणि अंधार कळायचा, माणूस आलं-गेलं कळायचं, बाकी सगळं दुधात बुडाल्यासारखं.

स्वतःसाठी पाहिलेल्या प्रत्येक घराला ती नाही म्हणायची. प्रत्येकात काहीतरी खोट असायचीच, तिने खोटं कधी सांगितलं नाही. पण नवीन घराच्या दारात उभी राहिली की तिच्या मनात यायचं: इथे दार कुठे, ओटा कुठे, पायरी कुठे हे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि शिकताना हा बघेल. म्हणून खोट सापडली की तिला बरं वाटायचं. खाली येऊन ती मान हलवायची आणि तो छत्री उचलायचा. "दुर्बिणीने नाही म्हटलं ना, मग नाही," म्हणायचा, आणि दोघं बससाठी चालायला लागायची. त्याच्या पावलांवरून तिला कळायचं की तो थकत चाललाय.

मग खोलीचा मालक आला. इमारत पाडायची होती. माणूस वाईट नव्हता, दारात उभं राहून बराच वेळ घसा खाकरत होता. "वर्ष संपायच्या आत मोकळी करा," म्हणाला. "माझाही इलाज नाही." आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

त्यानंतर ज्या घराची ही गोष्ट आहे, ते घर आलं.

तिसरा मजला, जिना रुंद, कठडा धड. दलाल दारापर्यंत आला आणि फोन कानाला लावून जिन्यातच राहिला. घर एका बाईंचं होतं. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या, आता लेकीकडे कायमच्या निघालेल्या. आवाज कोरडा आणि स्पष्ट. दुपारची वेळ होती आणि घरभर उजेड होता, एवढं तिला नक्की कळलं. उजेड दिव्यांचा होता. बाईंनी सगळे दिवे लावलेले होते, रोजच लावत, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

तिने तिचं काम सुरू केलं. भिंती कोरड्या. नळ सगळे एकदम सोडले तरी धार तीच. गोटी ठेवली तिथून वीतभर सरकली आणि थांबली. फरशी कुठेच पोकळ बोलली नाही. शेजारून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला, म्हाताऱ्या, सभ्य खोकल्याचा. आणि मग तिला ती गोष्ट जाणवली, जी आजवर कुठल्याच घरात जाणवली नव्हती. दारातून सरळ चाललं की ओटा. ओट्याच्या उजवीकडे मोरी. मधे पायरी नाही, उंबरा नाही. आपल्या खोलीसारखंच, नुसतं मोठं. ती एकदा दारापासून ओट्यापर्यंत चालून आली आणि तिचा हात कुठेच चाचपडला नाही. या घरात मी राहू शकेन, तिला वाटलं. याला काही कळणार नाही. किती तरी दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि इथून पुढे तिने नीट ऐकलं नाही.

बाई तिला खिडकीशी घेऊन गेल्या. खिडकी बंद होती. तिने दोन्ही हात पसरले तरी चौकट उरली. गज गुळगुळीत, गंज नाही. काचेपलीकडे सगळं फिकट, पांढुरकं. आकाश, तिने मनात म्हटलं. काचेला तळवा लावला तर काच गार लागली. भर दुपारी गार. तिच्या मनात काहीतरी अडखळलं, पण उत्तरेची असेल म्हणून तिने ते सोडून दिलं. दुसऱ्या कुणाच्या घरासाठी तिने ते सोडलं नसतं.

"खिडकीचं तर तुम्हाला दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "मी काही झाकून ठेवत नाही. येईल त्याला आधी इथेच आणून उभं करते. निम्मे इथूनच परत जातात. म्हणून तर भाव असा लावलाय."

काय दिसतंय, एवढं विचारायचं होतं. दोन शब्द. ते तिच्या जिभेवर आलेही. पण ते विचारणं म्हणजे मला दिसत नाही असं सांगणं होतं, आणि दलाल जिन्यात होता, नवरा खाली होता.

"दिसलं," ती म्हणाली. "आमची हरकत नाही."

बाई म्हणाल्या, "बघा हं. नंतर म्हणाल."

"बघूनच म्हणतेय."

ती खाली आली तेव्हा तो टपरीवरून उठून उभा राहिला. तिने मान हलवली नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचा आवाज कापरा झाला.

"उजेड?" एवढंच त्याने विचारलं.

"आहे."

"आणि खिडकी?"

"माझे दोन्ही हात पसरले तरी उरते."

तो हसायला लागला. रस्त्यात उभा राहून, लोक बघतायत याची पर्वा न करता हसत राहिला. मग वर बघून म्हणाला, "समोरच्या सगळ्या खिडक्यांवर ऊन आहे गं. यातलीच एक आपली." ते घर इमारतीच्या मागच्या बाजूला होतं हे तिला जिन्याच्या वळणावरून कळलं होतं. तरी ती बोलली नाही. दलाल म्हणाला, "साहेब, आता तुम्हीही वर येऊन बघून घ्या."

"नको," तो म्हणाला. "दोनदा बघून फसलो, आता एकदा न बघता घेतो. दुर्बिणीने बघितलंय, आणखी काय बघायचं? मी किल्ली घेऊनच चढेन."

कागदपत्रं झाली, आयुष्याची शिल्लक त्यात गेली, पोस्टातल्या बाई लेकीकडे निघून गेल्या. त्या दिवसांत तो तळघरात उशिरापर्यंत थांबायला लागला. स्वतःच्या घराचे पडदे त्याने जन्मात शिवले नव्हते. खोलीच्या खिडकीला जुन्या चादरीचा तुकडा होता. आता त्याने पांढरं, झिरझिरीत कापड आणलं. तिने किती हात, किती वीत ते सांगितलं आणि त्यावरून त्याने माप काढलं. रात्री ते कापड तिच्या मांडीवर टाकून तो म्हणाला, "बघ, ऊन यातून गाळून येईल. डोळ्यांवर येणार नाही, पण कळेल." तिने ते बोटांनी पाहिलं. काठाची शिवण इतकी बारीक होती की नखाला लागत नव्हती. तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि ती म्हणाली, "छान झालंय."

सामान हलवलं ते दुपारी. हमालांनी मशीन आधी वर नेलं आणि दारात ठेवून ते बाकीचं आणायला गेले. त्याने कुलूप उघडलं. ती मागे, दाराशीच थांबली. आत अंधार होता. बाई गेल्या होत्या, दिवे कोण लावणार? तिला वाटलं खिडकी बंद असेल, झाकलेली असेल.

त्याची पावलं आत गेली, भरभर, लहान मुलासारखी. खिडकीपाशी थांबली. मग कडी काढल्याचा आवाज आला आणि खिडकीचं दार उघडल्याचा. वारा आला नाही. रस्त्याचा आवाज आला नाही. ओल्या सिमेंटचा वास मात्र आला. आणि मग तिला एक बारीक खरखर ऐकू आली. कितीतरी भिंतींवरून तिने स्वतःचा तळवा फिरवला होता, तो आवाज तिला न कळणं शक्यच नव्हतं. तो गजांमधून हात बाहेर घालून गिलाव्यावरून फिरवत होता. पलीकडे हातभरावर शेजारच्या नव्या इमारतीची भिंत होती, वरपासून खालपर्यंत, चुना दिलेली, पांढरी.

ती चौकटीला धरून उभी राहिली.

खरखर थांबली. मग त्याने विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. "या खिडकीतून तुला काय दिसलं होतं गं?"

खोटं सांगायला आता काही उरलं नव्हतं आणि खरं सांगायला तोंड नव्हतं. तिने जे दिसलं होतं तेच सांगितलं.

"आकाश."

पावलं तिच्याकडे आली. समोर थांबली. तिच्या गालाला किंचित वारं लागलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि तिला कळलं की तो तिच्या डोळ्यांसमोर हात हलवतोय. तिने पापणी हलवायला हवी होती. कधी, ते तिला कळलं नाही. हात खाली आला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, लांबून चालत आलेल्या माणसासारखा. कलंडणारे पेले, खांद्याला लागणारी चौकट, मांजराचे डोळे, सगळं एकेक करून त्याच्या ध्यानात येत असणार. ती वाट बघत राहिली की तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आकाशच आहे. स्वच्छ आहे अगदी."

त्याने तिचा हात धरून तिला आत आणलं आणि गुंडाळलेल्या गादीवर बसवलं. मग स्टुलावर चढला. दांडीत पडद्याच्या कड्या सरकल्या. माप चोख आलं होतं. तो उतरला, मशीन ओढत ओढत खिडकीपाशी नेलं, खुर्ची लावली.

"उजेड कसा आहे हो?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण ती गप्प राहू शकली नाही.

"भरपूर आहे," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस तसाच."

तो दोन पावलं भिंतीकडे गेला. दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज तिने ऐकला. बाहेर कुठेतरी शाळेची दुपारची घंटा होत होती. मग खुर्ची सरकली आणि मशीन सुरू झालं.